उकिडवे आजोबांचा स्वेटर

"अजून ओला आहे, मॅडम," मी म्हटलं. "थंडीत लोकर लवकर वाळत नाही. उद्या सकाळी नक्की देते."

मृणाल मॅडम काउंटरला टेकून उभ्या होत्या. शाळेतून थेट आल्या होत्या. खांद्याला वह्यांची पिशवी होती आणि नाक थंडीनं लाल झालं होतं.  त्या म्हणाल्या, "थोडा दमट असला तरी चालेल. मी घरी हीटरपुढे धरीन. काल रात्रभर बाबांनी तो मागितलाय हो. तीनदा कपाट उपसलं."

"हीटरपुढे नका धरू. आटेल."

"हो, तेही खरंच." त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली. "उद्या शाळेच्या आधी येते मग. एक दिवस कसाबसा काढू."

त्या गेल्या. मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले.

स्वेटर ओला नव्हता. आतल्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर, ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो सोमवारी सकाळी आला होता, त्याच वर्तमानपत्रात तो तसाच होता. दोन दिवसांत मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. महाबळेश्वरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत सरूकाकू राक्ष्यांची लाँड्री होती, तिथे मी कामाला होते. नवरा मुंबईला गेला तो परतला नव्हता. मी आणि माझी पोर सोनाली लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहायचो. खोली काकूंचीच. म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं, असा सगळा मामला होता. काकू वाईट नव्हत्या. पण त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्या एकदा जे म्हणत ते दुसऱ्यांदा म्हणत नसत.

त्याच्या महिनाभर आधी माझ्या हातून एक स्वेटर गेला होता. हॉटेलातल्या कुणा पाहुण्याचा, राखाडी, मऊ, हातात घेतला तर वजनच लागू नये असा. मला वाटलं लोकर म्हणजे लोकर. थंडीचे दिवस, म्हणून मी बॉयलरचं गरम पाणी घेतलं, नेहमीची पावडर टाकली आणि मशीन लावली. बाहेर काढला तेव्हा तो चार वर्षांच्या पोराला यावा एवढा झाला होता. आणि जाड, घट्ट, घोंगडीच्या तुकड्यासारखा.

काकूंनी तो दोन बोटांत धरून उजेडात पाहिला. "मेरिनो आहे हे. आत पट्टी शिवलीय, दिसली न्हाई तुला?"

"मेरिनो म्हणजे काय, काकू?"

"परदेशातली मेंढी असती. तिचा केस बारीक. आपल्या घोंगडीसारखा रट्टे खाणारा न्हवं." मग त्यांनी मला शिकवलं, म्हणजे नुसतं तोंडानं सांगितलं. "पाणी हाताला गार न्हाई, गरम न्हाई, असं घ्यायचं. साबण बेताचा, केसाला लावतात तसला पातळ. कपडा उलटा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि नुसता हलक्या हातानं दाबायचा. चोळायचं न्हाई, पिळायचं न्हाई, दोरीवर टांगायचं न्हाई. टॉवेलात गुंडाळून पाणी काढायचं, आणि सावलीत सपाट पसरायचं. केस हाय तो, मालन. त्याला घाबरवलं की अंग चोरतो."

एवढं सांगून झाल्यावर शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पुन्हा असं झालं तर खोली मोकळी कर."

हे शेवटचं वाक्य तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

म्हणून मृणाल मॅडमनी सोमवारी तो पुडा उघडून आतला स्वेटर दाखवला, तेव्हा मी आधी आतली पट्टी बघितली. गडद निळा, पुढे बटणांचा, दोन खिशांचा. "माझ्या भावानं न्यूझीलंडहून पाठवलाय, मेरिनोचा. बाबा अंगातून काढतच नाहीत. झोपतातसुद्धा त्यातच. आज आंघोळीच्या वेळी कसाबसा काढलाय, तोही पंधरा दिवसांनी. घरी धुवायला मला भीती वाटते. तुम्ही नीट कराल ना?"

मी मान हलवली. काकू बाजारात गेल्या होत्या. परत आल्यावर मी त्यांना स्वेटर आल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगितलंय तसं धू."

मॅडमचे वडील म्हणजे उकिडवे आजोबा. त्यांना सगळं गाव ओळखायचं. मोजणी खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. तरुणपणी साखळी आणि खुंट्या घेऊन हे सगळे डोंगर त्यांनी पायी मोजले होते. आता त्यांना आपण कुठे राहतो हे आठवत नसे, पण पाय थांबत नसत. मृणाल मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात दोघंच. शाळेच्या वेळात एक बाई येऊन बसायची, बाकी सगळं एकट्या मॅडमवर.

सोमवारी दुपारी मी पाणी काढलं. नळाचं पाणी बर्फासारखं होतं आणि बॉयलरचं कढत. दोन्ही मिसळून हात घातला तर कधी गार वाटे, कधी गरम. माझ्याच हाताचा मला भरवसा वाटेना. ते पाणी मी ओतून दिलं. मंगळवारी सकाळी पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. दुपारी काकूंनी विचारलं, "उकिडव्यांचं झालं का?" मी म्हटलं, "धुतला. आत पसरलाय." त्यांनी आत येऊन बघितलं नाही. ते माझं पहिलं खोटं. मॅडमना संध्याकाळी सांगितलं ते दुसरं.

मनाशी ठरवलं होतं, पहाटे उठायचं आणि मन घट्ट करून धुऊन टाकायचा. पण बुधवारी पहाटे सोनालीला ताप होता. तिचं करण्यात सात वाजले. शटर उघडलं तेव्हा बाहेर गाड्यांच्या टपांवर पांढरं दहिवर पडलेलं होतं, हात लावला तर बोटाला चिकटत होतं.

आठ वाजता मृणाल मॅडम धावत आल्या. पायात घरातल्या सपाता. केस विंचरलेले नव्हते.

"मालनताई, बाबा इकडे आलेत का?"

"नाही. का?"

"घरात नाहीत. पहाटे कधीतरी गेलेत. मी बाग बघितली, रस्ता बघितला, देवळात गेले." त्यांना धाप लागली होती. "रात्रभर एकच चाललं होतं, माझा स्वेटर कुणी नेला, माझा स्वेटर कुणी नेला. मी सांगितलं लाँड्रीत आहे. म्हणून वाटलं, इकडेच निघाले असतील."

"अंगात काय आहे त्यांच्या?"

"सदरा आणि लेंगा. बाकी काही अंगाला लावूनच घेत नाहीत." मग त्यांनी काउंटरवरून हात पुढे केला. "वाळला का तो? द्या, मी जवळ ठेवते. सापडले की लगेच घालता येईल."

मी म्हटलं, "अजून ओला आहे."

मी हे का म्हटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. तसाच आणून दिला असता तर त्यांना कळलं असतं की काल मी खोटं बोलले. आणि काल मी खोटं बोलले नसते, तर काल संध्याकाळीच स्वेटर घरी गेला असता, आजोबा तो घालून शांत झोपले असते. एवढं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि तोंडातून आपोआप पुन्हा तेच वाक्य निघालं.

त्या पोलीस चौकीकडे गेल्या.

काकू साडेआठला आल्या तोवर गल्लीत बातमी पसरली होती. टॅक्सीवाले आपापल्या गाड्या घेऊन रस्ते बघत होते. कुणी वेण्णा तलावाकडे गेलं होतं. तलावाचं नाव निघालं की माणसं आवाज खाली करत होती. "सदऱ्यावर माणूस," काकू म्हणाल्या, "ह्या गारठ्यात. आज उन्हाला पण दम न्हाई." मी इस्त्री करत होते. एकाच शर्टाची एकच बाही पुन्हा पुन्हा.

अकरा वाजता दारात पोलिसांची जीप थांबली. तिच्यातून एक हवालदार उतरला, आणि त्याच्या मागून साखळीला धरलेली काळी-तपकिरी कुत्री. साताऱ्याहून श्वानपथक आलं होतं. हवालदाराचं नाव साळुंखे. माणूस सौम्य होता. कुत्रीला तारा म्हणत होता आणि ती दारातच शांत बसली.

"मावशी," तो काकूंना म्हणाला, "उकिडव्यांचा एखादा कपडा आहे का तुमच्याकडे? अंगातला, न धुतलेला?"

"घरात न्हाई व्हय?"

"तीच पंचाईत झालीय. बाई फार स्वच्छतेच्या. म्हातारबा अंथरूण ओलं करायचे, म्हणून रोज सकाळी चादरी, कपडे सगळं मशीनला. आजही उठल्या उठल्या त्यांनी चादर काढून मशीन लावली आणि मग बघितलं तर म्हातारबा नाहीत. उशीला रेक्झीनचं कव्हर, ते फिनेलनं पुसलेलं. ताराला दिलं, ती अंगणात तीन चकरा मारून परत आली. फिनेलचा वास तेवढा पक्का लागला तिला." तो हसला नाही. "त्यांच्या अंगचा वास धरलेलं काहीतरी पाहिजे. बाई म्हणाल्या, एक स्वेटर तुमच्याकडे दिलाय, पण तो धुतलाय. म्हटलं, विचारून तर बघू."

"धुतला की कालच," काकू म्हणाल्या. "हिनंच धुतला. व्हय ना गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हवालदार, काकू, दारातली ती कुत्रीसुद्धा.

"हो," मी म्हटलं.

हवालदारानं मान हलवली. "बघतो मग असंच. दुपारनंतर ढग खाली उतरतील असं म्हणतात. एकदा का धुकं बसलं की माणूस दहा पावलांवर असला तरी दिसायचा नाही." जीप गेली.

त्यानंतरचे दोन तास माझ्या अंगात मी नव्हते. काकू काहीतरी सांगत होत्या, गिऱ्हाइकं येत होती, मी कपडे देत होते. मनात मात्र एकच चाललं होतं, की आता कुणीतरी आत जाईल, फळीवरचा तो पुडा काढील आणि उघडून बघील. मला आजोबांच्या जिवाची भीती वाटत नव्हती. हे मी लपवत नाही. मला त्या पुड्याची भीती वाटत होती.

पाऊण वाजता काकू म्हणाल्या, "मी जेवून येते. तो स्वेटर वाळला असंल तर इस्त्री न करता नुसता घडी घालून ठेव. आल्यावर मी त्यांच्या घरी टाकते. सापडला तर बिचाऱ्याच्या कामाला यील."

त्या गेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि आत गेले. घमेलं घेतलं. नळाचं पाणी, बॉयलरचं पाणी. आता मला गार-गरम काही बघायचं नव्हतं. एकदा तो पाण्यात बुडला की झालं. ओला म्हटलेला स्वेटर ओला होईल. माझं खोटं खरं होईल. कुणालाही, कधीही, काहीही कळणार नाही.

स्टुलावर चढून मी पुडा काढला. वर्तमानपत्र सोडलं. स्वेटरातून वास आला. सुपारीचा, दुखऱ्या सांध्यांना लावायच्या तेलाचा, आणि त्याखाली म्हाताऱ्या माणसाच्या अंगाचा, जरासा आंबूस, उबदार. माणूस जवळ येऊन बसल्यासारखा. मी स्वेटर घमेल्यावर धरला. एक बाही खाली लोंबत होती, पाण्याच्या वर बोटभर.

लाँड्रीत सगळ्यात आधी काय शिकवतात, तर खिसे बघायचे. माझा हात सवयीनं खिशात गेला. उजव्या खिशात सुपारीचं खांड. डाव्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. मी तो उघडला. मोठ्या, शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"माझं नाव श्रीपाद उकिडवे. मला घर सापडत नाही. कृपया या नंबरवर फोन करा." खाली नंबर. त्याखाली, "मला ओरडू नका. मी घाबरतो."

मी खाली बसले. जमीन गार होती. तो कागद आजोबांच्या खिशात असायचा होता. तो माझ्या हातात होता, कारण स्वेटर माझ्याकडे होता. आणि स्वेटर माझ्याकडे होता, कारण मी घाबरत होते.  घमेल्यातल्या पाण्याची वाफ निघायची थांबली होती.

मग मी स्वेटर त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला, छातीशी धरला आणि पळत सुटले. शटर उघडंच राहिलं. मृणाल मॅडमचं घर लिंगमळ्याच्या वाटेवर, चढानं पंधरा मिनिटं. मी धावत, चालत, पुन्हा धावत गेले. ढग खरंच खाली येत होते. झाडांचे शेंडे दिसत नव्हते.

फाटकात पाच-सहा माणसं उभी होती. मॅडम पायरीवर बसल्या होत्या. साळुंखे कुत्रीला पाणी पाजत होते. मी पुडा त्यांच्यापुढे धरला.

"धुतलेला नाही," मी म्हटलं. "तसाच आहे."

"तुम्ही तर म्हणालात..."

"विसरले. मला वाटलं धुतला. आत्ता बघितलं."

हे चौथं की पाचवं खोटं, मी मोजणं सोडलं होतं. साळुंख्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. त्यांना कळलं असावं.  पुडा घेऊन त्यांनी कुत्रीपुढे उघडला. "तारा. घे. शोध."

तिनं नाक आत खुपसलं. बराच वेळ. मग तिनं डोकं वर केलं आणि ती बाजाराच्या दिशेला गेलीच नाही. घराच्या मागच्या अंगाला वळली, कुंपणाच्या एका फटीतून बाहेर पडली आणि हिरड्या-जांभळीच्या रानात खाली उतरायला लागली. जिथे वाट आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माणसं तिच्या मागे गेली. मॅडमही गेल्या. मी फाटकाशी उभी राहिले. मला पुढेही जाता येईना, मागेही. धुक्यात आधी माणसं दिसेनाशी झाली, मग त्यांच्या हाका ऐकू येईनाशा झाल्या.

साडेतीनला खालून शिट्टी ऐकू आली. मग कुणीतरी ओरडलं, "जिता आहे."

घळीत, कारवीच्या जाळीत ते पडले होते. कमरेचं हाड मोडलं होतं. ओठ निळे पडले होते. चादरीची झोळी करून चौघांनी त्यांना वर आणलं. मॅडमनी तो निळा स्वेटर त्यांच्या छातीवर पसरला होता आणि आजोबांचा एक हात त्याची बाही घट्ट धरून होता. माझ्याजवळून जाताना मॅडम थांबल्या. त्यांनी माझ्यापुढे दोन्ही हात जोडले.

तेवढं त्यांनी करायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गावात मोठी झाले. विसरभोळ्या मालनमुळे म्हातारा वाचला, असं जो तो म्हणायला लागला. टॅक्सीवाले थांबून सांगायचे, "मालनताई, तुमच्या आळशीपणाला नमस्कार." लोक हसायचे, मीही हसायची. जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी साताऱ्याच्या दवाखान्यातून साळुंख्यांबरोबर स्वेटर लाँड्रीत पाठवला. चिखलानं भरलेला, एका बाजूला काट्यांनी धागे ओढलेला. काकू म्हणाल्या, "आता तरी धू."

मी तिथेच रडायला लागले आणि काकूंना सगळं सांगितलं. सोमवारपासूनचं. घमेल्यापर्यंतचं. त्या ऐकत होत्या. मी आपली वाट बघत होते की आता आवाज चढेल, आता खोलीचं निघेल.

पण त्या म्हणाल्या, "एवढी भीती मी घातली व्हय गं तुझ्या मनात?"

 त्यांनी पदर खोचला, घमेलं घेतलं, पाणी मिसळलं. "हात घाल." मी घातला. "काय वाटतं?"

"काहीच नाही. गार नाही, गरम नाही."

"काहीच वाटत न्हाई, तेच पाणी बरोबर." त्यांनी स्वेटर उलटा करून पाण्यात सोडला. तो हळूहळू पाणी पिऊन जड झाला आणि खाली बसला. काकूंनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले. आम्ही दोघींनी तो दाबला, सोडला, दाबला. पाण्यात डोंगराची माती उतरली. तीन पाणी बदलली, तिन्ही सारखीच, गार ना गरम. मग टॉवेलात गुंडाळून मी त्यावर तळहातांनी वजन टाकलं. सपाट पसरला, बाह्या सरळ केल्या, खिसे बसवले. तो तेवढाच राहिला होता. एक सूतही कमी नाही.

"दवाखान्यात मॅडमना सांगायला जाणार असशील तर रविवारी सुट्टी घे," काकू म्हणाल्या. "पण पोरी, गप्प बसलीस तरी चालंल. म्हातारा सापडलाय."

रविवारी मी एसटीनं साताऱ्याला गेले. मॅडम वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. मी स्वेटर त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानंच म्हटलं, "मॅडम, मी विसरले नव्हते. मी घाबरून धुतला नव्हता. मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा तो कोरडाच होता. आणि बुधवारी पोलीस कुत्री घेऊन अकरा वाजता आले तेव्हाही मला माहीत होतं. मी एक वाजून गेल्यावर आले."

त्यांनी स्वेटरावरून हात फिरवला. "दोन तास," त्या म्हणाल्या.

"हो."

"कशाची भीती वाटली?"

"काम जाईल. खोली जाईल." बोलताना ते मलाच किती लहान वाटलं.

आतून आजोबांचा खोकला येत होता. त्यांना न्यूमोनिया झाला होता. मॅडम खोकला थांबेपर्यंत थांबल्या. "मला का सांगितलंत? मला कधीच कळलं नसतं."

"तुम्ही हात जोडलेत मला."

त्यांनी मांडीवरच्या स्वेटराची बाही आत दुमडली. मग म्हणाल्या, "माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही, मालनताई."

"म्हणू नका."

"जा तुम्ही आता. गाडी चुकेल."

आजोबा घरी आले ते चाकाच्या खुर्चीत. त्यानंतर चौदा महिने जगले. दर पंधरवड्याला स्वेटर माझ्याकडे यायचा. सकाळी यायचा, मी लगेच धुवायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः घरी नेऊन द्यायची. मॅडम दार उघडायच्या, स्वेटर घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या. त्यापलीकडे आम्ही बोललो नाही. मी कधी अपेक्षाही केली नाही.

फाल्गुनात आजोबा गेले. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मॅडम लाँड्रीत आल्या. हातात कपडे नव्हते. काकू जेवायला गेल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या. मी इस्त्री बंद केली.

"मी भावाकडे चाललेय," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी. जायच्या आधी तुम्हाला एक सांगायचं होतं."

मी काउंटरवरचे कपडे बाजूला सारले.

"त्या दिवशी पहाटे कडी वाजली ती मी ऐकली होती. मी जागीच होते. साडेपाच वाजले असतील. मला वाटलं, फाटकापर्यंत जातील आणि येतील. येतीलच असं नाही वाटलं खरं तर. वाटलं, पाच मिनिटं कुणी मला काही विचारू नये. एवढंच. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं." त्यांचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "उठले तेव्हा उजाडलं होतं. उठून मी आधी चादर धुवायला टाकली. त्यांना शोधायच्या आधी."

रस्त्यावरून एक गाडी गेली. 

"पोलिसांना सांगितलं नाही. भावाला नाही. त्या बाकावर तुम्ही सगळं सांगितलंत, तेव्हा तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. मी तुम्हाला जा म्हटलं. मला भीती वाटली."

कशाची, ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी थंडी फार होती, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "फार होती."